दाजींच्या ट्रॅक्टरचा ब्रेक

खालचा मळा, चाकण
११ नोव्हेंबर २०२४

बबनराव मेव्हण्यांना गेनू दाजीचा रामराम आन् आशीर्वाद.

पत्र बघून हसू नका. फोन करावा तर तुमचे कान भोसरीच्या कंपनीतल्या हॅमरशॉपच्या दणदणाटानं कवाच खाल्लेत. मी इकडनं बोंबलायचं आन् तुमी तिकडनं नुसतं ‘हो हो’ म्हणायचं, त्यात काय राम न्हाई. मोबाईलवर लिवाया गेलो तर माझं एक बोट दोन अक्षरं दाबतंय. म्हणून पोस्टातनं पाकिटं आणली.

काम असं हाय. आपल्या ट्रॅक्टरचा ब्रेक लागंना झालाय. कंपनी सुटल्यावर तुमी टाकलेल्या गॅरेजातनं जुना म्हणून घेतला तवा तुमीच छाती ठोकून सांगितलं व्हतं, दाजी, हायड्रॉलिक ब्रेक हाय, बोटानं दाबला तरी थांबंल. परवा कांद्याचं रान तयार करून परत येताना ओढ्याच्या उतारावर मी पाय ठेवला तर गडी आपला चाललाच! शेवटी बांधात घातला तवा थांबला. खाली कंपनीच्या बसची वाट बघत पोरी उभ्या व्हत्या, त्या पळाल्या. कुणाला काय झालं न्हाई.

आमच्या समाधानला ह्यातलं अक्षर कळू देऊ नका. पोरगं कंपनीत लागल्यापासनं एकच धोशा लावून बसलंय, ‘दादा, ट्रॅक्टर विका, भाड्यानं पाहिजे तेवढे मिळतात.’ ब्रेकचं कळलं तर उद्या सकाळी गिऱ्हाईक दारात उभं करंल. मंग मी करायचं काय? रस्त्याच्या कडंला बसून कंटेनर मोजू? त्यापरीस मेलेलं बरं.

कसं तपासायचं ते बैजवार लिवा. तुमचा गुडघा नवा बसवलाय, तवा येण्याची घाई नको. तुमची अक्का बरी हाय. दिसभर माझ्यावर ओरडती, म्हंजे बरीच असंल.

तुमचा,
गेनू


संत तुकाराम नगर, पिंपरी
१६ नोव्हेंबर

ती. दाजींना बबनचा साष्टांग नमस्कार.

पाकीट आलं तेव्हा आमची सून मोनिका म्हणाली, मामंजी, तुम्हाला अजून पत्रं येतात? म्हटलं, आमच्या दाजींचं आहे, त्यांचं सगळंच जगावेगळं.

आता ऐका. घाबरायचं कारण नाही. हायड्रॉलिक ब्रेक म्हणजे सगळा तेलाचा खेळ. तुम्ही पेडल दाबता, ते तेलाला ढकलतं आणि तेल चाकाकडचा ब्रेक दाबतं. मधे कुठं तेल गळलं किंवा हवा शिरली की जोर पोचत नाही. आधी बाटलीतलं ब्रेक ऑइल बघा, कमी आहे का, काळं पडलंय का. मग मागच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवा, ओलसर लागतं का. मग इंजिन बंद ठेवून पेडल दाबा आणि तसंच धरून ठेवा. मऊ लागलं, स्पंजासारखं, तर हवा. हळूहळू खाली बसत गेलं तर तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरचं रबर गेलं. ते किट साधं आहे, मिळतं.

आणि दाजी, काही सापडलं नाही तर मग दोष पायाचा समजा! अक्काला विचारतो, भाकरी पोटभर घालतेस ना म्हणून. आमचा जावई असा पायातून गेला तर माहेरची अब्रू जाईल.

तोवर रस्त्यावर नेऊ नका. नेलाच तर डाव्या-उजव्या चाकाची दोन्ही पेडल कडीनं जोडून. शेतात वळायला एकाच चाकाचा एकेरी ब्रेक मारायची तुमची सवय मला माहीत आहे.

आपला,
बबन


खालचा मळा
२४ नोव्हेंबर

बबनरावांना आशीर्वाद.

मेव्हणं, जीभ लई लांब झाली बरं का. पिंपरीचं पाणी. पायात दम हाय अजून, आलात म्हंजे दाखवतो.

तुमी सांगितलं तसं समदं बघितलं. तेल भरल्यालं व्हतं, जरा काळपट म्हणून बदललं. चाकाकडं कोरडं ठाक. आता पेडलचं. मऊ म्हणता तर तसं न्हाई. खाली बी बसत न्हाई. उलट दगडावर पाय ठेवल्यावानी लागतंय. जोर लावून लावून मांडी भरून येती, घाम फुटतो, तरी ट्रॅक्टर आपला सरकतोयच. ह्ये असं कसं? पेडल टणक आन् ब्रेक न्हाई, असं कुठं असतंय का?

समाधानची रात्रपाळी हाय, तवर सकाळी तो झोपल्यावर मी ही कामं उरकतोय. चोरावानी. सवताच्या ट्रॅक्टरजवळ जायला पोराला भ्यायचं, काय दिस आले बगा.

मी परवा फाटकात घसरलो, शेणावर पाय पडला व्हता. अक्का लिवंल तर मनाला लावून घेऊ नका, तिला राईचा पर्वत करायची खोड हाय.

गेनू


संत तुकाराम नगर
३० नोव्हेंबर

ती. दाजींना नमस्कार.

हां, आता दुखणं सापडलं! पेडल टणक आणि ब्रेक नाही म्हणजे तेलाची बाजू ठीक आहे. चाक घासून धरणारं आतलं लायनिंग गेलंय. एकतर घासून काचेसारखं गुळगुळीत झालंय, नाहीतर आतल्या सीलमधून त्यावर तेल उतरलंय. बाहेरून कोरडंच दिसणार. असले किती ट्रॅक्टर या हातांनी नीट केलेत. गुडघा साथ देता तर उद्याच आलो असतो, पण डॉक्टरनं जिने उतरायला बंदी घातलीय.

चाकणला प्रज्वल आहे, माझ्याकडेच शिकलेला. त्याला चिठ्ठी पाठवलीय, येऊन ब्रेक उघडेल. त्यानं बांधून दिला की लाइनमधली हवा काढावी लागेल. ते एकट्याचं काम नाही. तुम्ही खाली बसून चाकाकडचा हवा काढायचा नट सैल करा आणि अक्काला सीटवर बसवा. तुम्ही ‘दाब’ म्हटलं की तिनं दाबून धरायचं, तेलातले बुडबुडे थांबले की तुम्ही नट आवळायचा, मग तिनं सोडायचं. तिला सांगा, घाई नाही. चाक जॅकवर असू द्या, म्हणजे शेवटी हातानं फिरवून बघता येईल की ब्रेक धरतो की नाही.

काळजी सोडा. हा ब्रेक मी पत्रातून नीट करणार, पैज लावा.

बबन


खालचा मळा
१० डिसेंबर

बबनरावांना आशीर्वाद.

पैज हरलात.

प्रज्वल आला व्हता. पोरगं गुणाचं. दोन्ही बाजू उघडल्या. म्हणाला, काका, लायनिंग नव्यासारखं हाय, तेलाचा थेंब न्हाई. तरी पुसून, घासून पुन्हा बांधून दिलं. दुसऱ्या दिवशी मी आन् तुमच्या अक्कानं हवा काढली. ती सीटवर बसली पदर खोचून, एस्टीच्या ड्रायव्हरवानी. हवा निघाली कुठली, एक बुडबुडा न्हाई.

मंग तुमी म्हणला तसं चाक फिरवून बघितलं. तिनं पेडल दाबलं आन् मी चाकाला हात लावला. हालंना! खांदा लावला तरी हालंना. म्हणलं, वा, झालं काम. मंग मी वर बसलो, ती खाली उभी राहिली. मी दाबलं. तर ती एका हातानं चाक फिरवती! पुन्हा ती वर, मी खाली, तर चाक घट्ट. पुन्हा मी वर, तर चाक मोकळं. दोन-तीनदा केलं. ती दाबती तवा ब्रेक लागतोय, मी दाबतो तवा न्हाई.

आजवर तुमच्या बहिणीला मी एकटाच भीत व्हतो, आता ट्रॅक्टर बी भ्यायला लागला! तिला बी हसू आलं. मंग ती एकदम आत निघून गेली.

आता पुढं काय तपासू ते कळवा. सीट उंच झाली असंल का? पेडलचा दांडा वाकला असंल का? काय तरी असंलच की. मशीन हाय, इनाकारण कशाला रुसंल.

गेनू


संत तुकाराम नगर
१४ डिसेंबर

सरुअक्का,

हे पाकीट तुझ्या नावानं टाकलंय. दाजींना दाखवू नकोस.

त्यांचं पत्र आलं. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. अक्का, ट्रॅक्टरला काही झालेलं नाही. तू दाबलंस आणि चाक थांबलं, तिथंच तपासणी संपली.

हे मला त्यांना लिहिता येत नाही. जावयाला उणं बोलायचं नाही ही आपल्या आबांची शिकवण, आणि दाजी-मेव्हण्याचं आमचं नातं नुसतं थट्टेचं. आजवर आम्ही एकमेकांशी एक वाक्य सरळ बोललेलो नाही. मी तर ‘दोष पायाचा समजा’ म्हणून दात काढले. आता तेच खरं म्हणून कसं लिहू?

तू मला खरं सांग. उजव्या पायात चप्पल टिकते का? उंबरा ओलांडताना पाय घासतो का? फाटकात खरंच शेण होतं का? मोबाईलची अक्षरं चुकतात म्हणाले, मग हातानं घास नीट घेतात ना? आमच्या कंपनीत एका सुपरवायझरचं असंच पायापासून सुरू झालं होतं. पुढचं मी लिहीत नाही. माझं चुकलेलं असू दे.

आणि अक्का, ट्रॅक्टरची चावी आजच्या आज लपव. ओढ्याच्या उताराखाली पोरी उभ्या असतात.

बबन


खालचा मळा
१९ डिसेंबर

चि. बबनला अक्काचा आशीर्वाद.

चौथीनंतर मी एवढं मोठं पत्र लिवलं न्हाई, चुका पोटात घाल.

तू इचारलंस ते समदं खरं हाय. चप्पल टिकत न्हाई. गणपतीपासनं. ह्यांनी चप्पल पायाला सुतळीनं बांधली, वरनं पायजमा लांब ठेवला. मी बघितलं तर म्हणाले, अंगठा तुटलाय, मोच्याकडं टाकायची हाय. फाटकात शेण कुठलं रे? झाडून काढल्यालं व्हतं. तिथं दोनदा पडले. आंघोळीच्या दगडावर एकदा. आन् त्या उतारावर एक पोरगी पडून तिचं कोपर फुटलं, मी सवता हळद लावली. ती मला आई म्हणाली बग. ह्यांनी तुला ते लिवलं न्हाई.

ह्यांनी माझ्याकडनं शपथ घेतली, समाधानला सांगायचं न्हाई. म्हणले, ट्रॅक्टर बिघडलाय, बबन नीट करंल. मला बी तेच पाहिजे व्हतं बाबा. मी बी मनाला सांगितलं, व्हय, ट्रॅक्टरच बिघडलाय. मंग त्या दिवशी मी दाबलं आन् चाक थांबलं. मला वाटलं आपण का दाबलं? पाय हलका ठेवला असता तर काय झालं असतं?

चावी पिठाच्या डब्यात घातली. आता पुढचं ऐक. रोज सकाळी ह्ये चहा पिऊन खुंटीवरची चावी घेऊन जातात. परवा खुंटी मोकळी दिसली. मंग येऊन वट्यावर बसले. चावी कुठं म्हणून इचारलं न्हाई. काल बी न्हाई, आज बी न्हाई. एरवी चमचा सापडला न्हाई तरी घर डोक्यावर घेत्यात. तवा मला कळलं, ह्यांना ठाऊक हाय.

काल मी समाधानला सांगितलं. शपथ मोडली. पोरगं भिंतीला टेकून लई रडलं. म्हणलं, आई, मी ट्रॅक्टर विका विका म्हणून मागं लागलो, म्हणून दादांनी लपवलं गं. आमी तिघं तुझ्याकडं येतो. मोठ्या दवाखान्यात नंबर लाव.

अक्का


खालचा मळा
९ फेब्रुवारी २०२५

बबनरावांना गेनूचा आशीर्वाद.

अक्षर वाकडं येतंय, गोड मानून घ्या. तुमच्या घरी एवढे दिस राहिलो, मोनिका सूनबाईनं लेकीवानी केलं, तिला आशीर्वाद सांगा. दवाखान्यात डॉक्टरीणबाई बोलत व्हत्या तवा तुमी चहा आणतो म्हणून गेलात ते लई वेळ आलाच न्हाईत. आलात तवा हातात चहा नव्हता. मी बघितलं व्हतं.

बाईंनी मला नीट समजावून सांगितलं. डोक्याकडनं पायाला निरोप नेणाऱ्या नसा वाळत चालल्यात. आता हाताच्या बी. औषधानं थोडं दमानं होईल, थांबणार न्हाई. मी इचारलं, बाई, म्हंजे पेडल दाबतोय पण जोर पोचत न्हाई असंच ना? त्या म्हणाल्या, अगदी तसंच. मंग मला लगेच कळलं. तुमीच शिकवलेलं.

बबनराव, आता एक सांगतो. मला पहिल्यापासनं कळलं नव्हतं असं न्हाई. रातच्याला पाय आपोआप फडफडायचा, ते ट्रॅक्टरचं दुखणं नव्हतं. पण मी इचार केला, माणसाचं बिघडलं म्हणलं की डॉक्टर, आन् डॉक्टर काय म्हणंल ह्याची भीती. ट्रॅक्टरचं बिघडलं म्हणलं की बबनराव. आन् तुमी आजवर ट्रॅक्टरचं एक बी काम माघारी धाडलं न्हाई. म्हणून मी माझं दुखणं ट्रॅक्टरच्या नावावर घातलं. येडेपणा झाला. पण तुमचं पत्र यायचं, ‘काळजी सोडा’ म्हणून, तवा चार दिस खरंच बरं वाटायचं. पायात जोर आल्यावानी वाटायचं.

आता एक मागतो. बाई पायाचं करू शकत न्हाईत, तुमी पेडलचं करा. हातानं वढायचा काय तरी दांडा, लांब, म्हंजे कमी जोरात ब्रेक लागंल. रस्त्यावर नेणार न्हाई, तुमच्या अक्काची शपथ. फकस्त आपल्या रानात, सपाटीला, पहिल्या गेरात, समाधान शेजारी. कांदा निघाला की एकदा नांगरट करायची. माझ्या हातनं एकदा. मंग त्यानं विकला तरी माझी ना न्हाई.

गेनू


संत तुकाराम नगर
२१ फेब्रुवारी

ती. दाजी,

थट्टा करणार होतो, सुचेना.

दांडा करतोय. काल रिक्षा करून तळवड्याला एका जुन्या दोस्ताच्या शेडवर गेलो. मोनिका ओरडली, ओरडू दे. जावयानं मागितलं आणि माहेरानं दिलं नाही असं आपल्या घरात झालेलं नाही. पहिला दांडा वाकला, दुसरा फार जड झाला. तिसरा जमेल. मूठ जाड रबराची लावतो, म्हणजे हातातून निसटणार नाही. तयार झाला की प्रज्वल आणि समाधान मिळून बसवतील. समाधान परवा येऊन माप देऊन गेला. आता विकायचं नावही काढत नाही.

दाजी, मी उभा जन्म लोखंडात काढला. कुठं काय अडलंय ते मला हात लावला की कळतं असं लोक म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. तुमचं मला कळलं नाही. आणि कळलं तेव्हा माझ्याकडं त्याला काही पाना नव्हता. दवाखान्यात मी जिन्यात बसून होतो. तुम्हाला ठाऊकच आहे म्हणा.

एवढा दांडा तेवढा माझ्या हातात आहे. तो चांगला करीन.

बबन


खालचा मळा
४ मे २०२५

बबनरावांना गेनू दाजीचा आशीर्वाद.

पत्र अक्काच्या हातनं लिवून घेतोय, मी सांगतो ती लिवती. दांडा आला. झ्याक बसला. अखितीच्या मुहूर्ताला नारळ फोडला आन् खालच्या तुकड्याची नांगरट करून टाकली. मूठ अशी केलीत की हात आपोआप बसतोय. नुसता वढला की ट्रॅक्टर जागच्या जागी उभा. प्रज्वल म्हणाला, काका, असलं काम आमच्याच्यानं व्हणार न्हाई. मेव्हणं, तुमी जिंकलात. पैज माझ्याकडं लागू.

गेनू

बबन, वरचं ह्यांनी सांगितलं तसं लिवलं. आता ह्ये झोपलेत, खालचं माझं हाय.

नांगरट ह्यांच्या हातनं झाली न्हाई रे. दांडा लई चांगला झालाय, त्यात काय खोट न्हाई. पण तो यीस्तवर बोटं राहिली न्हाईत. अखितीला समाधाननं ह्यांना कडंवर उचलून वर बसवलं, पोर उचलावं तसं. एवढे हलके झालेत. ह्यांनी मुठीवर हात ठेवला. बोटं मिटंनात. समाधान म्हणाला, दादा, राहू द्या, ऊन लई हाय. ह्ये म्हणाले, थांब. आन् मला म्हणाले, सरू, माझा पाय पेडलवर ठेव.

ठेवला. ह्ये दाबायला लागले. कपाळाची शीर फुगली, पण पेडल जागचं हाललं न्हाई. मला बघवंना. मी त्यांच्या गुडघ्यावर माझे दोन्ही हात ठेवले आन् सगळ्या अंगानं खाली दाबलं. तसं पेडल खाली गेलं. ह्ये म्हणाले, लागला बघ. मी म्हणलं, व्हय, लागला. समाधान नांगराकडं तोंड करून उभा राहिला. इंजिन चालू बी केलं नव्हतं रे.

मंग पोरानं नांगरट केली. ह्ये बांधावर बाजंवर पडून बघत व्हते. म्हणत व्हते, वळताना एकेरी ब्रेक मार, अरं, एकेरी मार. आवाज त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

मी इचारलं, बबनला खरं लिवू का? तर म्हणाले, नको गं, त्यानं गुडघ्याचं दुखणं बाजूला ठेवून तळवड्याला खेपा घातल्या. त्याला वाटू दे एक तरी काम नीट झालं.

म्हणून तुला सांगते, मी लिवलंय ते तुला कळलं न्हाई असं वाग. उत्तर ह्यांच्या नावानं धाड. त्यात लिव, दाजी, नांगरट तुमच्या हातनं झाली हे ऐकून बरं वाटलं. थोडी थट्टा बी कर, पयल्यासारखी. मी वाचून दाखवीन. लवकर लिव.

तुझी,
अक्का